कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ थांबते आणि पुन्हा येते, तेव्हा काय तपासावे

कुल्ल्याच्या खोल भागातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ ही मराठवाड्यातल्या फिजिओथेरपी दवाखान्यांत रोज ऐकू येणारी तक्रार आहे. गोळ्या, शेक, कमरेचा पट्टा आणि आठ-पंधरा दिवसांची विश्रांती यांनी ती बहुधा शमते. परंतु सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी किंवा उसाची तोडणी सुरू झाली की तेच दुखणे त्याच पायात परत येते. पहिल्यांदा दुखणाऱ्याला धीर देणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या-तिसऱ्यांदा दुखणाऱ्याला मात्र ‘आता ऑपरेशनच’ एवढेच ऐकायला मिळते. पुढील मजकूर त्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी आहे. माझ्या पाहण्यात हे दुखणे परतण्याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात: कळ कुठून निघते हे न ठरवता उपचार सुरू झालेले असतात, किंवा कळ थांबताच ते बंद केलेले असतात.

आधी एवढे पाहून घ्यावे

लघवी अडकत असेल किंवा झालेली कळत नसेल, शौचावरचा ताबा सुटला असेल, सायकलच्या सीटला टेकणारा दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर झाला असेल, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी होत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जावे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दाबला गेल्याची ही लक्षणे आहेत आणि येथे तासांचा हिशेब असतो. दोन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाण्याचा धोका वाढतो. रात्री झोपेतून उठवणारी आणि कोणत्याही स्थितीत न थांबणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप, वजन घटणे किंवा पूर्वी झालेला क्षय अथवा कर्करोग असेल, तर आधी मणक्याची तपासणी करून घ्यावी. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच भासतो.

कळ कुठून निघते

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस आहे. कण्यातून निघणाऱ्या नसांच्या, कमरेची चौथी व पाचवी आणि त्रिकास्थीची (कमरेखालच्या तिकोनी हाडाची) पहिली, दुसरी व तिसरी अशा पाच मुळांपासून ती बनते, कुल्ल्यात पिरिफॉर्मिस या स्नायूच्या खालून बाहेर पडते आणि गुडघ्याच्या मागे तिच्या दोन शाखा होतात. या लांबलचक वाटेवर ती कुठेही चिडू शकते, आणि रुग्णाला मात्र सगळीकडून जवळपास सारखेच दुखते. म्हणून ‘सायटिका आहे’ हे निदान नसून ते लक्षणाचे वर्णन आहे, आणि त्यावरून व्यायाम ठरवणे म्हणजे गावाचे नाव न विचारता एसटीत बसणे होय.

सर्वांत जास्त वेळा उगम कमरेच्या चकतीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीत, असतो. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली किंवा पाचव्याच्या खालची चकती मागे सरकून नसेच्या मुळावर येते. सायटिकाचा आणि चकतीचा हा संबंध मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडला. अशा रुग्णाला वाकल्यावर, खूप वेळ बसल्यावर, खोकताना-शिंकताना कळ पायात जोरात उतरते, आणि उभे राहिल्यावर किंवा थोडे चालल्यावर बरे वाटते. उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला असता साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायातली नेमकी तीच कळ उठते. केवळ मांडीच्या मागे ताण बसणे म्हणजे ही चाचणी दुखरी ठरणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे, कारण शिरा आखडलेल्या बहुतेक माणसांना तो ताण बसतोच.

कोणते मूळ चिडले आहे हे घरच्या घरीही बऱ्यापैकी कळते. टाचांवर चालताना पंजा खाली पडत असेल, अंगठा वर ओढण्याची ताकद कमी असेल आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या असतील, तर कमरेचे पाचवे मूळ. एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच उचलता येत नसेल आणि पावलाची बाहेरची कड बधिर असेल, तर त्रिकास्थीचे पहिले मूळ. ही ताकद दर आठवड्याला तपासून लिहून ठेवावी. दुखणे कमी झाले आणि ताकदही कमी झाली, तर ते बरे होणे नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना लगेच दाखवावे.

दुसरा उगम कुल्ल्यातच असतो. येथे कंबर दुखत नाही किंवा फार थोडी दुखते. खरा त्रास बसण्याचा असतो. वीस-पंचवीस मिनिटे बसले की एका कुल्ल्यावरचा भार दुसऱ्यावर टाकावा लागतो, कुल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले की ओळखीची कळ पायात जाते, आणि खोकल्याने काही फरक पडत नाही. एसटीचे चालक, मोटारसायकलवर दूध घालणारे, दिवसभर लाकडी बाकावर बसणारे दुकानदार यांच्यात हे अधिक आढळते. मागच्या खिशातले जाड पाकीट हे कारण ऐकायला किरकोळ वाटते, पण काही रुग्णांत ते पाकीट पुढच्या खिशात गेल्यावर निम्मा त्रास उतरतो. याच संदर्भात एक वेगळी गोष्ट विचारणे भाग पडते: कुल्ल्यावर इंजेक्शन घेतल्या घेतल्या वीज चमकावी तशी कळ पायात गेली होती काय? इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशाऐवजी मध्यावर किंवा खाली दिले गेले, तर सुई किंवा औषध थेट नसेला इजा करते आणि पंजा पडू शकतो. अशा रुग्णाला साध्या सायटिकाच्या व्यायामांवर ठेवून उपयोग नाही; नसेची विद्युत तपासणी आणि पंजाला आधार देणारी पट्टी यांचा विचार लवकर करावा लागतो.

साठीच्या पुढच्या माणसांत चित्र उलटे असते. बसल्यावर काही होत नाही, परंतु दोन-तीनशे पावले चालले की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात, आणि थांबून वाकले किंवा खाली बसले की मोकळे होतात. काठी टेकून पुढे वाकून चालणारे, किंवा सायकलवर मैलभर जाऊ शकणारे पण पायी मंदिरापर्यंत न पोहोचणारे आजोबा पाहिले की कण्यातली नसांची पोकळी अरुंद झाली असावी असे मानून चालावे. यांना मागे वाकण्याचे व्यायाम दिले तर दुखणे वाढते.

राहता राहिली कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूची दुखणी. त्या कुशीवर झोपता येत नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत दुखते, मुंग्या मात्र नाहीत; चाळिशीनंतरच्या स्त्रियांत हे खूप आढळते आणि ते बहुधा कुल्ल्याच्या बाहेरच्या स्नायूबंधांचे दुखणे असते, नसेचे नव्हे.

आणखी एक, जे मराठवाड्यात विसरून चालणार नाही. खुरपणीच्या दिवसांत उकिडवे बसून तासन् तास काम केल्यावर अचानक पंजा पडलेली एक मावशी एमआरआय घेऊन आली होती. अहवालात चकतीचा फुगवटा होता आणि घरचे शस्त्रक्रियेच्या पैशांच्या जुळवाजुळवीला लागले होते. कंबर दुखत नव्हती, पाय उचलण्याची चाचणी साफ होती, चवड्यावर उभे राहण्याची ताकद पूर्ण होती; केवळ पंजा वर येत नव्हता, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेवर बोटाने टिचकी मारली की पावलाच्या वर झिणझिण्या जात होत्या. नस तेथे दबली होती. उकिडवे बसणे बंद करणे, पंजाला पट्टी आणि पंजा उचलण्याचा व्यायाम एवढ्यावर तिचा पाय हळूहळू परतला. याच ठिकाणी कुष्ठरोगातही नस जाड होते, म्हणून त्वचेवर बधिर चट्टा आहे का हे पाहणे सोडू नये.

एमआरआयचा कागद कसा वाचावा

‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून घाबरलेली माणसे वाकायचेच सोडतात. कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के निरोगी माणसांच्या चकत्यांत फुगवटा होता. म्हणजे चाळिशीच्या शेतकऱ्याच्या अहवालात फुगवटा लिहिलेला असणे ही बातमीच नव्हे. तो फुगवटा ज्या बाजूला, ज्या मुळावर आहे, ती बाजू आणि ते मूळ पायातल्या लक्षणांशी जुळते का, एवढाच प्रश्न विचारावा. जुळत नसेल, तर कागद बाजूला ठेवून पुन्हा शरीर तपासावे. आणि जुळत असले तरी, बाहेर आलेला चकतीचा तुकडा शरीर स्वतःच पुष्कळदा शोषून घेते. म्हणूनच बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरीच उतरते.

दिशा सापडल्याशिवाय व्यायाम नको

चकतीच्या दुखण्यात सर्वांत उपयोगी प्रश्न ‘किती दुखते’ हा नसून ‘कुठपर्यंत दुखते’ हा आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना १९५६ साली हे योगायोगाने उमगले: पायदुखीचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर काही मिनिटे पालथा पडून राहिला, आणि त्याची पायातली कळ नाहीशी झाली. पुढे त्यातून जी पद्धत उभी राहिली तिचे सूत्र असे की, एखाद्या हालचालीने कळ पायातून वर, कमरेकडे सरकत असेल तर ती हालचाल उपयोगाची. खाली, पावलाकडे सरकत असेल तर ती थांबवावी.

गेल्या हंगामात आलेल्या एका ट्रॅक्टरचालकाची तपासणी येथे जशीच्या तशी देतो. पालथे झोपवून दोन मिनिटे थांबलो. कळ पोटरीच्या खालपर्यंत होती. कोपरांवर टेकवून छाती उचलली. पोटरीच्या मध्यापर्यंत आली. मग कंबर सैल सोडून हातांच्या जोरावर छाती वर, असे दहा वेळा. दर वेळी माझे बोट त्याच्या पायावर शेवटच्या दुखऱ्या जागेवर, आणि प्रश्न एकच. दहाव्या वेळी तो म्हणाला, “डॉक्टर, पोटरी मोकळी झाली, पण कंबर लई दुखायली की. हे तर उलटंच झालं.” उलटे काही झाले नव्हते, कळ वर सरकली होती आणि हीच सर्वांत चांगली खूण आहे. नेमक्या याच टप्प्यावर बहुसंख्य लोक ‘व्यायामाने कंबर धरली’ म्हणून व्यायाम सोडतात, आणि ज्या उपचाराने ते बरे होणार होते तोच बंद पडतो. त्याला दिवसभरात दर दोन-तीन तासांनी दहा वेळा हाच व्यायाम, आणि ट्रॅक्टरवरून उतरल्यावर दर वेळी उभ्याने कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकणे, एवढेच पहिल्या आठवड्यात दिले.

पालथे झोपून कळ पावलाकडे उतरू लागली आणि उठल्यावरही तशीच राहिली, तर तो व्यायाम आपला नव्हे. पोकळी अरुंद झालेल्या वयस्कर माणसांना उलट उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे मानवते, आणि त्यांनी चालण्याचे अंतर पाय भरून येण्याच्या थोडे आधी थांबून, बसून, पुन्हा उठून वाढवावे. कोणत्याही दिशेने कळ वर येत नाही असे रुग्णही असतात. त्यांना पोटऱ्या बाजेवर ठेवून, गुडघे काटकोनात, पाठ जमिनीवर अशा आरामाच्या स्थितीत दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे, आणि मधल्या वेळात थोडे थोडे चालणे, एवढ्याने सुरुवात करून आठवड्याने दिशा पुन्हा तपासावी.

मोबाइलवर पाहून केले जाणारे व्यायाम हा सध्याचा मोठा घोटाळा आहे. कुल्ल्याच्या स्नायूसाठी दाखवलेला, उताणे झोपून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढण्याचा ताण, कुल्ल्यातल्या दुखण्यात खरोखर उपयोगी पडतो. परंतु तोच ताण कंबरेला वाकवतो आणि नसेलाही खेचतो, म्हणून चकतीच्या रुग्णाची कळ त्याने हमखास वाढते. तसेच पायाच्या अंगठ्याला हात लावून ‘शीर मोकळी करणे’. चिडलेल्या नसेला ओढून धरलेले अजिबात खपत नाही. तिला पुढे-मागे सरकू द्यावे लागते. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर करून छताकडे पाहावे, आणि गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे आणावी. असे करताना नस एका टोकाने ताणली जात असतानाच दुसऱ्या टोकाने सैल सुटते. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, कुठेही न थांबवता आणि मुंग्या सुरू होण्याच्या आधी परत फिरून. मान आणि गुडघा यांचा मेळ उलटा झाला, म्हणजे हनुवटी खाली आणि गुडघा सरळ असे एकाच वेळी झाले, की हाच व्यायाम ताणाचा होतो. रुग्णाकडून करवून घेताना मी सर्वांत जास्त वेळ याच दुरुस्तीवर घालवतो.

कुल्ल्यात उगम असेल तर ताणापेक्षा ताकद अधिक कामाची असते. उताणे झोपून कंबर उचलणे, कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा गुडघा उघडणे, आणि पुढे एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे हा क्रम बहुतेकांना मानवतो. बाहेरच्या बाजूच्या स्नायूबंधांचे दुखणे असेल तर कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी आणि एका पायावर भार टाकून उभे राहण्याची सवय सोडावी.

मशिनांबद्दल स्पष्ट सांगितलेले बरे. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणे), अल्ट्रासाउंड, टेन्स व आयएफटी ही सौम्य विजेची मशिने आणि कमरेचे पट्टे वापरू नयेत असे सुचवले आहे. शेकाने तासभर बरे वाटते, आणि त्या तासात व्यायाम होत असेल तर शेक जरूर घ्यावा. पण दहा दिवस केवळ मशिनीवर झोपून घरी जाणे म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. शिवाय साठ किलोमीटर मोटारसायकलवर येऊन, वीस मिनिटे शेक घेऊन, त्याच खड्ड्यांतून साठ किलोमीटर परत जाणाऱ्या रुग्णाला मी नेहमी सांगतो की आठवड्यातून एकदा एसटीने या, एक तास घ्या, आणि बाकीचे सहा दिवस घरी करा.

दुखणे परतते ते कोणत्या कामात

व्यायाम बरोबर असूनही कळ परत येत असेल, तर दिवसाचा माग काढावा. पहिली जागा सकाळची. रात्रभर झोपल्यावर चकतीत पाणी भरलेले असते, ती फुगलेली असते आणि वाकताना तिच्यावर जास्त ताण येतो. उठल्यानंतरचा पहिला तास म्हणूनच नाजूक. आपल्याकडे नेमके त्याच तासात अंगण झाडणे, शेण काढणे, धार काढणे आणि हंडे भरणे होते. ही कामे घरातल्या दुसऱ्याने करावीत किंवा थोडे फिरून आल्यावर करावीत. एवढा बदल दोन-तीन आठवडे केला तरी पुष्कळ फरक पडतो. धार काढायची असेलच, तर उकिडवे न बसता उंच पाटावर किंवा स्टुलावर बसावे.

दुसरी जागा फवारणीची. पाठीवरच्या पंपात १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचे स्वतःचे वजन. हा भार पाठीवर असताना फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो जमिनीवरून उचलून, कंबरेत पिळा देत, एका खांद्यावर घेताना. पंप बाजेवर, बैलगाडीच्या साटीवर किंवा उंच बांधावर ठेवून, त्याला पाठ लावून दोन्ही पट्टे एकदम घालावेत आणि उतरवतानाही तसेच करावे. पंप अर्धा भरला तर फेऱ्या वाढतात, हे खरे. पण पहिल्या पंधरवड्यात तेवढे सोसावे.

सोयाबीन कापताना वाकून राहण्याचा काळ तोडणे हा एकच उपाय आहे. पात धरली की माणूस ती संपेपर्यंत मान वर करत नाही, आणि उक्ते घेतलेले काम असेल तर मुळीच नाही. तरी वीस-पंचवीस मिनिटांनी उभे राहून पाच-सहा वेळा मागे झुकणे यात मिनिटही जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे सांगताना माझी जीभ अडखळते. पहाटे कोयता हाती घेणारे, वर मोळ्या डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये टाकणारे जोडपे उचल फेडत असते. ‘वजन उचलू नका’ या सल्ल्याला तेथे अर्थ नाही. त्यांच्या बाबतीत निदान मोळी लहान बांधणे, तोडणी आणि भरणी यांची आळीपाळी करणे, आणि पंजाची ताकद कमी होऊ लागल्यास मुकादमाला न जुमानता जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवणे, एवढे तरी निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

तिसरी जागा पट्टा. महिनोन् महिने पट्टा बांधून काम करणारा माणूस वाकायला घाबरतो, पाठ ताठ धरून हालतो, आणि एखाद्या दिवशी पट्टा नसताना पोते उचलतो. प्रवासापुरता पट्टा ठीक आहे, दिवसभराचा सोडवावा.

ताकद कधी आणि किती वाढवावी

कळ पोटरीतून वर येऊन कमरेपुरती उरली आणि आठ दिवस खाली उतरली नाही, की दुसरा टप्पा सुरू होतो. बहुतेकांचे उपचार येथेच संपतात, आणि पुढच्या हंगामातले दुखणे येथेच पेरले जाते. मागे वाकण्याने शांत झालेल्या कमरेला आता पुढे वाकण्याची सवय परत लावायची असते, कारण शेतातले काम वाकूनच होते. बाजेवरून हात न टेकता उठणे-बसणे, मग कुल्ले मागे ढकलून पाठ सरळ ठेवत खाली झुकणे, मग त्याच पद्धतीने पाण्याची अर्धी बादली उचलणे. अर्धी बादली तीन-चार दिवस सहज जमली की पाऊण, मग भरलेली, मग दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणे. यासाठी जिम लागत नाही. त्रिकास्थीचे पहिले मूळ अशक्त असेल तर भिंतीला धरून एका पायाच्या चवड्यावर टाच उचलण्याचा आणि पाचवे मूळ अशक्त असेल तर टाचांवर चालण्याचा व्यायाम रोज जोडावा.

किती करावे याला एक सोपी कसोटी आहे. व्यायामाने किंवा कामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले, तर मात्रा ठीक. सकाळीही वाढलेलेच असेल, तर मात्रा निम्मी करावी, पण शून्य करू नये. कमरेत थोडे दुखणे चालते. गुडघ्याखाली नव्याने कळ किंवा मुंग्या उतरणे चालत नाही.

वेळेचा हिशेब पंचांगाप्रमाणे मांडला तर शेतकऱ्याच्या लक्षात राहतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास काढणीला येते. ही तयारी नागपंचमीच्या सुमारास सुरू केली तर दोन महिने मिळतात आणि तेवढे पुरतात. काढणीच्या आदल्या आठवड्यात येऊन ‘काहीतरी करून मोकळा करा’ म्हणणाऱ्याला मी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगतो.

काळजी घेऊनही उलटले तर

मधेच कळ उलटणे अपेक्षितच आहे, आणि त्याचा अर्थ सगळे मुसळ केरात गेले असा नव्हे. पहिले दोन दिवस वजन उचलणे आणि जास्त बसणे थांबवावे, आधी ज्या दिशेने आराम पडला होता ती दिशा पुन्हा तपासून दर दोन तासांनी तोच व्यायाम करावा, आणि अंथरुणाला खिळून न राहता घरातल्या घरात चालत राहावे. दीर्घ विश्रांतीने सायटिका लवकर बरी होत नाही. स्नायू मात्र नक्की सैलावतात. मागच्या वेळी मागे वाकण्याने कळ वर येत होती आणि या वेळी येत नाही, असे झाले तर जुनाच व्यायाम रेटू नये. उगम बदललेला असू शकतो आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

नसांच्या गोळ्यांबद्दल एवढेच, की प्रीगॅबालिनची सायटिकावरील एक मोठी चाचणी २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात पायातल्या दुखण्यावर निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय उपयोग आढळला नाही. गुंगी-चक्कर मात्र अधिक होती. महिनोन् महिने ही गोळी चालू असेल तर ती एकाएकी बंद करू नये, ज्यांनी दिली त्यांना विचारून हळूहळू कमी करावी.

शस्त्रक्रियेचा प्रश्न सहा ते आठ आठवडे नीट उपचार होऊनही पायातली कळ असह्य राहिली तर, किंवा ताकद उतरत चालली तर, निघतो. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायदुखी लवकर थांबली, परंतु वर्षाअखेरीस दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. म्हणजे पंजाची ताकद शाबूत असलेल्या माणसाला थांबण्याची मुभा आहे, आणि झोपही न लागणाऱ्या माणसाने शस्त्रक्रिया करून घेतली तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही. शस्त्रक्रियेनंतरही वर सांगितलेला ताकदीचा टप्पा टळत नाही.

बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. नसेचे तंतू खरोखर खराब झाले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, त्यामुळे कमरेपासून पावलापर्यंतची वाट कित्येक महिन्यांची असते, आणि काहींना अंगठ्याजवळचा एखादा चट्टा कायमच बधिर राहतो. दोन्ही तळपाय सारखेच बधिर असतील आणि मुंग्या मोज्यासारख्या घोट्यापर्यंत असतील, तर कमरेपेक्षा साखर आणि बी-१२ यांची रक्ततपासणी आधी करावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेले आढळते. बधिर पायाने अनवाणी शेतात जाऊ नये. तुरीच्या किंवा कपाशीच्या फणकटाने झालेली जखम अशा पायाला कळत नाही, म्हणून रात्री पाय धुताना तळवा, बोटांमधल्या फटी आणि टाच उजेडात पाहून घ्यावी, आणि स्वतःला वाकून पाहता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे.